पॉवर वीडर पळतो, उड्या मारतो, खोल जात नाही? आधी रान बघा, मग पाती. इंजिन सगळ्यात शेवटी

भांगलणीचे दिवस आले की एकच तक्रार तीन तोंडांनी ऐकू येते. "मशीन हातात राहत नाही, नुसतं पुढं पळतंय." "वरच्यावर खरवडतंय, माती हलतच नाही." "मधेच अशी उडी मारतं की हँडल छातीत बसतं." तक्रारी तीन, पण उपाय सगळे एकच करतात. मशीन टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्यायचं, कार्बोरेटर साफ करून आणायचा आणि त्याच रानात परत त्याच उड्या बघायच्या.

कार्बोरेटरचा यात बहुतेक वेळा काडीचा संबंध नसतो. आपल्या सांगली-साताऱ्याकडे ऊस, हळद, आलं आणि भाजीपाल्यात जे छोटे वीडर फिरतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनना रानात गेल्यावर चाकं काढून त्याच ॲक्सलवर पाती बसवावी लागतात. म्हणजे रानात पाती हीच चाकं. ती चाकासारखीच फिरतात, वरून पुढे आणि खालून मागे. मातीत घुसली तर खोदतात. घुसली नाहीत तर जमिनीवर पाय मारत मशीनला पुढे ढकलतात. त्यालाच आपण पळणं म्हणतो. थोडी घुसून कडक ढेकळाला किंवा दगडाला अडली, तर इंजिनाचा सगळा जोर मशीन वर उचलण्यात जातो. ती झाली उडी. पळणं, खरवडणं आणि उडी हे एकच दुखणं आहे: पातं मातीत शिरत नाही. आता ते का शिरत नाही, हे खालून वर शोधत जायचं.

शोधायला बसण्याआधी एक गोष्ट करा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, पेट्रोलचा कॉक बंद आणि प्लगची टोपी ओढून बाजूला. डिझेल मशीन असेल तर स्टॉपचा खटका पूर्ण ओढलेला ठेवा. "बंदच तर आहे" म्हणून पात्यात हात घालणारे पुष्कळ. पण पाती हाताने फिरवली आणि गिअर पडलेला असला, तर इंजिनही त्यांच्याबरोबर फिरतं, आणि गरम इंजिनाला एक ठिणगीसुद्धा पुरते. टोपी काढायला काही क्षण लागतात. बोट गेलं तर ते परत येत नाही.

रान घातीला आलंय का?

पळणाऱ्या मशीनमागे बहुतेक वेळा रान असतं. कृष्णाकाठच्या काळ्या मळीच्या जमिनी, पलूस, वाळवा, मिरज भागातल्या, ओल्या असल्या की लोण्यासारख्या आणि वाळल्या की विटेसारख्या. मधली घात, म्हणजे मशागतीला जोगती ओल, फार थोडे दिवस टिकते. माण-खटाव आणि जतच्या मुरमाड रानात घात लवकर येते आणि लवकर जातेही. भरीला खाली दगड असतोच. कोरेगाव-साताऱ्याकडच्या आल्याच्या गादीवाफ्याची माती भुसभुशीत, पण दोन वाफ्यांमधली पायवाट तुडवून तुडवून दगड झालेली. वीडर वाफ्याच्या कडेला नीट चालतो आणि पायवाटेवर आला की उधळतो, ते याच कारणाने.

घात बघायची जुनीच रीत आहे. चार-पाच बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला तर रान तयार आहे. गोळा तसाच राहिला, बोटांना चिकटला, तर अजून थांबा. मुठीत गोळाच झाला नाही, नुसती ढेकळं आणि धूळ हाताला लागली, तर वीडर घालू नका. आधी हलकं पाणी द्या आणि घात आली की बघा.

ओल्या रानातली चूक जास्त महागात पडते, कारण ती लगेच दिसत नाही. काळी माती पात्यांवर थापली जाते आणि पाती जाऊन त्या जागी चिखलाचा रूळ तयार होतो. रूळ काही खोदणार नाही. मशीन सरकत राहतं आणि खालचा थर मात्र घासून घट्ट होतो. पुढच्या वेळी त्याच थरावर पाती आपटतात आणि मालक म्हणतो, मागच्या वर्षी बरं चालायचं. पात्याला माती चढताना दिसली की काम थांबवायचं. लोखंडी गज घेऊन, इंजिन चालू ठेवून माती खरवडणारे गडी मी पाहिलेत. ते बघवत नाही.

रान कडक आहे आणि पाणी देणं शक्य नाही, असंही होतं. मग एकाच फेरीत पूर्ण खोली काढायचा हट्ट सोडा. पहिली फेरी दोन-तीन बोटं, दुसरी त्याहून थोडी खाली. वेळ जास्त जातो, पण हात आणि गिअरबॉक्स दोन्ही वाचतात.

जमिनीत काय काय पुरलंय

ही पायरी कुणीच करत नाही. मशीन लावण्याआधी रानातून एक चक्कर मारायची. खोडव्यात बुडखे आणि पाचट. भाजीच्या रानात मागच्या हंगामाच्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या, सुतळी, टोमॅटो बांधायची तार. ठिबकच्या नळ्या तर मातीखाली बुजलेल्याच असतात. हळदीला भर लावताना ठिबकच्या नळ्या आधी वरंब्यावर गोळा करून घेतल्या नाहीत, तर त्या पात्यात गुंडाळल्या जातात आणि मशीन कासऱ्याने ओढल्यासारखं एका बाजूला खेचलं जातं.

हरळी आणि लव्हाळा हेही गुंडाळीचेच सोबती. हरळी गुडघाभर वाढू दिली आणि मग वीडर घातला, तर तिच्या दोऱ्या ॲक्सलवर बसतात. गुंडाळीमुळे पात्याचा घेर जाड होतो, धार आत लपते आणि मशीन पुन्हा पळायला लागतं. दुसरं नुकसान लपून होतं. सुतळी, तार, नळीचे तुकडे ॲक्सलच्या मुळाशी, गिअरबॉक्सच्या सीलपाशी जाऊन बसतात आणि सील कापतात. मग ऑइल गळायला लागतं. रोज काम संपलं की, प्लगची टोपी काढून, विळ्याने नाहीतर पक्कडीने ॲक्सल दोन्ही बाजूंनी मोकळा करा. हरळीचं आणखी एक: वीडरने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. हरळीचं रान वीडरने स्वच्छ होतं, हा गैरसमज आहे. तिथे काश्या, म्हणजे तिची जमिनीतली खोडं-मुळं, वेचून बाहेरच काढाव्या लागतात.

मशीन साफ करायला कलंडवायचं असेल तर एअर फिल्टरची बाजू खाली येऊ देऊ नका. ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं, मग पांढऱ्या धुराने सगळा मळा भरतो.

पाती: डावी उजवीकडे गेली तर

रान चांगलं, घात चांगली, तरीही मशीन माती न उकरता नुसतं चालत असेल, तर पात्यांकडे बघा. धुऊन-पुसून परत बसवताना डावा संच उजवीकडे आणि उजवा डावीकडे जाणं हे फार घडतं, विशेषतः दोन-तीन घरांत मिळून एक मशीन असेल तर. दोन्ही बाजूंच्या पाइपांची भोकं सारखीच, त्यामुळे उलटी पातीही बसतात आणि पिनही जाते. फरक रानात गेल्यावर कळतो.

ओळखायची खूण सोपी आहे. मशीनच्या बाजूला बसून पाती हळूच पुढच्या दिशेला फिरवा. खाली येणाऱ्या पात्याची धारेची कड आधी मातीला लागली पाहिजे. पाठीची, गोलसर बाजू आधी लागत असेल तर पाती उलटी आहेत. अशा वेळी बळ लावून दाबत राहू नका. दोन्ही संच काढून बाजू बदला, आणि ऑइलपेंटने पाइपवर "डा" आणि "उ" लिहून टाका. पुढचा माणूस विचारायला येणार नाही.

धार गेलेली पातीही हेच करतात. नवीन पात्याशेजारी जुनं धरून बघितलं की कळतं: टोक गोल झालेलं असतं आणि लांबी आखडलेली. आपल्या भागात लेथ आणि वेल्डिंगची दुकानं पावलोपावली आहेत. पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी. तिथे १९१० सालापासून लोखंडी नांगरांचं काम चाललं, आणि लोखंडाने जमिनीत विष पसरेल म्हणून सुरुवातीला शेतकरी बिचकत होते, ही गोष्ट अजून सांगितली जाते. आता बिचकणं राहिलं नाही, उलट झिजलेल्या पात्याला पट्टी जोडून ते लांब करून आणण्याकडे कल. माझं मत स्पष्ट आहे: वीडरच्या पात्याला पट्टी वेल्ड करू नका. जोडाजवळ लोखंड ठिसूळ होतं. दगडाला लागून तुकडा उडाला तर तो मागच्या माणसाच्या नडगीकडेच येतो. शिवाय एक पातं जड आणि दुसरं हलकं झालं की हँडलला असा थरकाप सुटतो की तासाभरात बोटं बधिर होतात. बदलायची तर दोन्ही बाजूंची पाती एकदम बदला.

पात्यांचे बोल्ट मूळचे जाडीचे आणि कडक असतात. त्यांच्या जागी बांधकामाचा साधा बोल्ट घालू नका. लॉक पिनच्या जागी खिळा वाकवून घालणंही तसंच. पहिल्या अर्ध्या तासानंतर मशीन बंद करून सगळे बोल्ट एकदा आवळून बघा. नवीन पाती बसवली असतील तर नक्कीच.

मागचा दांडा आणि हातांची सवय

मशीनच्या मागे मधोमध खाली जाणारा लोखंडी दांडा असतो. त्याला उंची बदलायची भोकं असतात. या दांड्याकडे लोकांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. काहींनी तर तो अडचण करतो म्हणून काढून घरी टांगून ठेवलेला असतो, आणि मग मशीन हातात राहत नाही अशी तक्रार. तो दांडा हाच ब्रेक आहे, खोलीही त्यानेच ठरते. जमिनीत रुतून तो मशीनला मागे धरतो. पाती पुढे ओढतात, दांडा अडवतो, आणि या ओढाताणीत पात्यांना खाली जावंच लागतं.

दांडा वरच्या भोकात, म्हणजे आखूड ठेवला, तर मशीन पळणार. फार लांब ठेवला तर जागेवरच खड्डा करत बसणार आणि इंजिन गुदमरणार. सुरुवातीला मधल्या भोकात ठेवा, चार पावलं चालवून बघा, पळत असेल तर एक भोक खाली घ्या. उसाच्या सरीत, हळदीच्या वरंब्यात आणि मोकळ्या रानात एकच खोली चालत नाही. रान बदललं की भोक बदला.

हातांचं काम दांड्याच्या जोडीने चालतं. हँडल थोडं खाली दाबलं की दांडा रुततो, मशीन थांबतं आणि पाती खोदायला लागतात. माती भुसभुशीत झाली की हँडल बोटभर उचलायचं, मशीन आपोआप पुढे सरकतं. दाबा, खोदू द्या, उचला, सरकू द्या. पळणाऱ्या मशीनला मागे ओढायची सवय सगळ्यांना असते, ती इथे उलटी पडते. मागे ओढताना हात वर जातात, दांडा सुटतो आणि मशीन आणखी जोराने निघतं. डिझेल मशीन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. त्याच्याशी रस्सीखेच करून कुणी जिंकत नाही.

दगडाला लागून उडी आलीच, तर हँडल घट्ट धरून झुंजायचं नाही. क्लचचा खटका सोडायचा. पात्यांनी थांबलंच पाहिजे.

खटका सोडल्यावर पाती थांबतात का?

ही तपासणी रोज सकाळी, रानात उतरण्याआधी करायची. मोकळ्या जागी, आसपास कुणी नसताना, मशीन पुढून टेकवलेलं, इंजिन मंद ठेवून. खटका न दाबता पाती फिरता कामा नयेत. दाबल्यावर फिरावीत, सोडल्यावर लगेच थांबावीत. सोडल्यावरही रेंगाळत फिरत असतील, तर केबल आखडलेली असते, चिखलाने जाम असते किंवा बेल्ट फार ताणलेला असतो. केबलच्या टोकाला सारख्या करायच्या नटा असतात, त्यांनी थोडी ढिली करा. उलट बाजूचीही तक्रार असते: कडक मातीत इंजिन ओरडतं, पाती मात्र थबकतात आणि जळक्या रबराचा वास येतो. तिथे बेल्ट सैल आहे किंवा त्यावर ऑइल उडालंय.

इंजिन मंद असतानाच वेगाने चालत असेल, तर खटका दाबताक्षणी मशीन झेप घेणार. अशा वेळी मंद चाल कमी करून घ्यायची, त्याला स्क्रू असतो.

आता हे लिहितो ते रागानेच. हात दुखतो म्हणून क्लचचा खटका सुतळीने, रबराने नाहीतर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने बांधून ठेवतात. भाड्याच्या मशीनवर तर हे सर्रास. तो खटका मुद्दाम असा बनवलाय, की माणूस पडला किंवा घसरला तर हात सुटावा आणि पाती थांबावीत. बांधलेल्या खटक्याचं मशीन पडलेल्या माणसावरून पुढे जातं. मशीन भाड्याने आणाल तेव्हा आधी तिथे सुतळीची गाठ आहे का ते बघा. असली तर कापूनच कामाला लागा.

रिव्हर्स

पुढे पळण्याने दम लागतो, पण अपघाताचा खरा धोका मागे येताना. रिव्हर्समध्ये पाती तुमच्या पायाकडे चालत येतात. ॲक्सलवर पाती असलेल्या मशीनला रानात रिव्हर्स घालायची गरजच कमी. वळताना इंजिन मंद करा, खटका सोडा, हँडलने वळवा, मग पुन्हा खटका.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेकडे द्राक्षबागेत हे जास्त जपायचं. दोन ओळींत जागा कमी, वर मंडपाच्या तारा, मागे मंडपाचा लोखंडी अँगल. मशीनने मागे उडी मारली आणि पाठीमागे अँगल असला, तर माणूस हँडल आणि अँगल यांच्यामध्ये सापडतो, आणि अशा वेळी खटका सोडायला हातही मोकळा राहत नाही. बागेत ओळीच्या शेवटी मशीन बंद करून हाताने फिरवायचं, आणि मागे जायचंच असेल तर आधी पाठीमागे काय आहे ते वळून बघायचं.

पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या तालींवर मशीन तालीच्या कडेपासून निदान त्याच्या लांबीएवढं आत ठेवा. कड ढासळते. उतारावर चालवणाऱ्याने मशीनच्या खालच्या अंगाला उभं राहू नये.

आणखी काही किरकोळ गोष्टी आहेत, पण दवाखान्यात त्यांचीच बिलं होतात. गळ्यातला टॉवेल घरी ठेवा. लुंगी, धोतर, लोंबणारी नाडी नको. चप्पल तर अजिबात नको, टाच आणि बोटं झाकणारे जाड बूट घाला. मशीनमागे काश्या वेचणाऱ्या बायाबापड्यांना निदान दहा-पंधरा पावलं लांब राहायला सांगा. पदर आणि पाती यांच्यात अंतर पाहिजे. मुलांना रानात खेळायला दुसरी जागा दाखवा. पॉलिहाउसमध्ये पेट्रोल-डिझेलचं मशीन घालायचं असेल तर आधी दोन्ही बाजूंचे पडदे पूर्ण वर गुंडाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झालं की उशीर झालेला असतो.

इंजिन, शेवटी

वरचं सगळं बघूनही मशीन भारावर गचके खात असेल, कधी उसळी घेऊन कधी गुदमरत असेल, तर मग इंजिन. पावसाळाभर उभं राहिलेलं पेट्रोल मशीन असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच साखर कारखान्यांतून निघालेलं असलं तरी हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी कार्बोरेटरच्या वाटीत तळाला बसतं. वाटीखालचा स्क्रू सैल करून वाटी निथळवली की बहुतेक वेळा काम होतं. पेट्रोल भरताना इंजिन थंड झालेलं असावं, बिडी-सिगारेट लांब, आणि सांडलेलं पुसून वाळू द्यावं.

मग एअर फिल्टर. भरीच्या दिवसांत धूळ इतकी उडते की फिल्टर रोज बघितला तरी जास्त नाही. ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून बघायचं. काही इंजिनांत काडी न पिळता नुसती टेकवून बघतात, त्यामुळे एकदा पुस्तिका वाचा. छोट्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात साधारण अर्धा-पाऊण लिटर ऑइल मावतं. त्यातून थोडं जरी कमी झालं तरी फरक पडतो. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल पहिल्या २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी. ऑइल कमी असल्यावर आपोआप बंद होणारी इंजिनं उतारावर विनाकारण बंद पडतात. ते बिघाड समजून सेन्सरची वायर तोडू नका.

आणि हे सगळं करूनही उडी राहिलीच, तर ॲक्सल वाकलेला असू शकतो. पाती काढा, प्लगची टोपी काढलेलीच असू द्या, गिअर न्यूट्रलला, आणि ॲक्सल हाताने फिरवून त्याच्या टोकाशेजारी एक काडी धरा. टोक काडीपासून कमी-जास्त लांब जात असेल तर तो मेकॅनिककडेच सरळ होईल किंवा बदलावा लागेल. मेकॅनिकला जाऊन "मशीन पळतंय" एवढंच सांगू नका, तो कार्बोरेटर उघडेल. दांडा कुठल्या भोकात होता, पाती कोणत्या बाजूला होती, खटका सोडल्यावर किती वेळ फिरत राहिली आणि ॲक्सल किती हलतो, एवढं सांगा.